आडवी बाटली : प्रत्यक्ष लोकशाहीचा एक धडा

राज्यशास्त्राच्या अभ्यासात प्रत्यक्ष लोकशाहीची साधने आपण शिकतो. जनपृच्छा, उपक्रमाधिकार आणि प्रत्यावाहन ही त्यांपैकी प्रमुख होत. उदाहरण बहुधा स्वित्झर्लंडचे दिले जाते. तेथे अठरा महिन्यांत एक लाख मतदारांच्या सह्या जमल्या, तर घटनादुरुस्तीचा प्रस्ताव जनतेच्या मतास टाकता येतो. हे वाचून वाटते की, हा सारा परदेशातला कारभार. आपला मतदार पाच वर्षांतून एकदा मत देतो आणि मोकळा होतो. ही समजूत पूर्णपणे खरी नाही.

जनपृच्छा आपल्या शेजारीच झाली आहे. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यातील मतदारांनी महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे, याचा कौल दिला. विलीनीकरणाची खूण फूल होती, विरोधाची दोन पाने. विलीनीकरणाची बाजू ३४,०२१ मतांनी हरली. परंतु तेथे प्रश्न शासनाने विचारला होता. नागरिकांनीच प्रश्न उभा करून तो मतपेटीपर्यंत नेणे, हे त्याहून निराळे. तसा अधिकार महाराष्ट्रातील गावांना एका विषयापुरता मिळाला आहे. तो विषय म्हणजे गावातील परवानाधारक दारूचे दुकान.

शासनाच्या २००८ सालच्या आदेशानुसार गावातील एकूण स्त्री मतदारांपैकी, किंवा एकूण मतदारांपैकी, किमान २५ टक्के लोकांनी सह्यांनिशी लेखी मागणी करावी लागते. सह्यांची पडताळणी होते व नंतर गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात. दुकान चालू ठेवायचे असेल तर उभी बाटली, बंद करायचे असेल तर आडवी. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही हे समजते. मतदान गुप्त असल्याने घरच्यांचा वा दुकानदाराचा दबाव कमी होतो.

खरी अडचण पुढे आहे. आडव्या बाटलीला झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून नव्हे, तर यादीतील एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते पडावी लागतात. आपल्या बीड जिल्ह्यात याचा अर्थ काय होतो, तो हिशोब करून पाहू.

समजा, एका गावात ८०० स्त्री मतदार आहेत. अर्जासाठी २०० सह्या हव्यात; जिंकण्यासाठी ४०१ मते. मतदान पौष महिन्यात आले आणि ३०० बाया ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात गेलेल्या असल्या, तर गावात उरल्या ५००. त्यांतल्या ४०१ जणींनी येऊन आडव्या बाटलीलाच मत दिले पाहिजे. चारशे मते आडवीला व दहा उभीला पडली, तरी दुकान चालूच राहील! फडावर कोयता चालवणारी बाई गैरहजर राहून जणू उभ्या बाटलीला मत देते. यादीत राहिलेली मयतांची व सासरी गेलेल्या लेकींची नावेही तिकडेच मोजली जातात.

अट कडक असावी, असे म्हणणाऱ्यांचीही बाजू आहे. परवाना शासनाने दिलेला असतो. मूठभर लोकांच्या रागाने तो जाऊ नये. हे मान्य केले, तरी आमदार निवडताना आपण झालेली मतेच मोजतो. किमान हजेरीची अट घालून झालेल्या मतांवर निर्णय द्यावा, हे अधिक न्याय्य होईल असे मला वाटते.

नियम बदलेपर्यंत काय करावे? प्रथम मतदार यादी वाचून ती दुरुस्त करून घ्यावी. टोळ्या गावी परतल्यावर उन्हाळ्यात सह्या घ्याव्यात आणि दसऱ्याआधी मतदान व्हावे, असा पाठपुरावा करावा. दुकान बंद झाले तरी हातभट्टी आपोआप बंद होत नाही, हेही विसरू नये.

माझे आईवडील ऊसतोड कामगार आहेत आणि घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. आमच्यासारख्या मुलांच्या शिक्षणाचा गावाला उपयोग कोणता, असे लोक विचारतात. मतदार यादी वाचणे, अर्ज लिहिणे व टक्केवारी काढणे ही कामे तर आपल्याला येतात. विद्यार्थी मित्रांनो, येत्या सुट्टीत आपापल्या गावची यादी एकदा तरी उघडून पाहा.

(बी. ए. द्वितीय वर्ष)