स्ट्रक्चरलमध्ये एम.टेक. करायचंय? आधी हिशोब मांडा!

आजचा धडा सिव्हिलची डिग्री हातात असलेल्या आणि पुढे स्वतःचं स्ट्रक्चरल कन्सल्टन्सीचं ऑफिस टाकायचं मनात असलेल्यांसाठी. मी बीबीए केलेला दुकानदार, बीम-कॉलम मी शिकवणार नाही. पण दोन वर्षं आणि काही लाख रुपये कुठे गुंतवायचे, हा प्रश्न धंद्याचाच आहे. चला, वही काढा.

१. पैशाचा हिशोब
समजा, आज पगार २५,००० आहे. दोन वर्षं नोकरी सोडली की ६ लाख गेले. गेट पास होऊन मान्यताप्राप्त कॉलेजात पूर्णवेळ प्रवेश मिळाला, तर महिना १२,४०० स्टायपेंड धरून २४ महिन्यांत २,९७,६०० येतात. म्हणजे खड्डा ३,०२,४०० चा. फी, हॉस्टेल, मेस वेगळं. गेट नसेल तर खड्डा पूर्ण ६ लाखांचा!

२. लायसन्सचा हिशोब
'एम.टेक.शिवाय सही चालत नाही,' असं बरेच जण धरून चालतात. तसं नाहीये. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार सिव्हिलची पदवी आणि स्ट्रक्चरल कामाचा ३ वर्षांचा अनुभव लागतो. स्ट्रक्चरलमधली पदव्युत्तर पदवी असेल तर अनुभव २ वर्षांचा पुरतो. म्हणजे दोन वर्षं घालून वाचलं किती? एक वर्ष. फक्त लायसन्ससाठी हा सौदा तोट्याचाच. तरी आपल्या महापालिकेचा नियम स्वतः वाचून घ्या.

३. गिऱ्हाईक कोण?
खरा निर्णय इथे होतो. महाराष्ट्रात गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षं जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट ५ वर्षांतून एकदा, आणि त्याहून जुनीचं ३ वर्षांतून एकदा करायचं असतं. हे सतत येणारं काम आहे. त्याला आणि बंगल्यांच्या डिझाइनला चांगल्या कन्सल्टंटच्या हाताखाली घासलेली वर्षं जास्त उपयोगी. पण उंच टॉवर, पूल, भूकंपाचं अवघड गणित असलेली कामं घ्यायची असतील, तर एम.टेक.मधलं स्ट्रक्चरल डायनॅमिक्स, फायनाइट एलिमेंट हवंच. तिथे डिग्री म्हणजे खर्च नाही, भांडवल आहे.

मग करायचं काय?
नोकरी चालू ठेवून गेट द्या. स्कोअर ३ वर्षं चालतो. तेवढ्यात कन्सल्टंटकडे काम करा आणि कोणत्या कामासाठी तुम्हाला वरिष्ठांकडे धाव घ्यावी लागते, ते टिपून ठेवा. अडतंय ते गणितामुळे, तर प्रवेश घ्या. अडतंय ते साइटवर किंवा गिऱ्हाईकाशी बोलताना, तर दोन वर्षं कॉलेजात बसून ते सुटणार नाही.

आजचा गृहपाठ : पहिली पाच गिऱ्हाइकं कोण असतील, ते नावानिशी लिहा. नावं सुचली नाहीत, तर एवढ्यात फॉर्म भरू नका.