वार्धक्यातील लंघन आणि मांसधातूचे रक्षण

प्रास्ताविक

संतर्पण आणि अपतर्पण या दोन उपक्रमांत सर्व चिकित्सा सामावते, हे आपण अष्टांगहृदयाच्या अध्ययनापासून जाणतो. अलीकडे मात्र कमी खाल्ल्याने आयुष्य वाढते हा विचार सर्वत्र रूढ झाला असून साठी उलटलेले रुग्ण एकवेळ जेवण सुरू करूनच आपल्याकडे येतात. अशा वेळी उतरलेले वजन मेदाचे की मांसाचे, हा प्रश्न वैद्याने विचारलाच पाहिजे. आम्ही तो एकदा विचारला नाही. त्या अनुभवातूनच प्रस्तुत लेख लिहीत आहोत.

रुग्णवृत्त

६७ वर्षांच्या एक स्थूल भगिनी जानुसंधिशूलासाठी आमच्याकडे आल्या. सामावस्था पाहून आम्ही लंघन सुचविले. त्यांनी चातुर्मासातील एकभुक्त पुढेही चालू ठेवले. सहा महिन्यांत वजन ९ किलो उतरले, शूलही कमी झाला; आम्ही समाधानी होतो. "डॉक्टर, गुडघा आता दुखत नाही, पण जमिनीवरून उठायला भिंत धरावी लागते," असे त्या म्हणाल्या, तेव्हा कोठे आमचे लक्ष त्यांच्या मांड्या-पोटऱ्यांकडे गेले. मेदाबरोबर मांसही क्षीण झाले होते.

आधुनिक संशोधन

१९३५ साली मॅकके व सहकाऱ्यांनी, आहार मर्यादित ठेवलेले उंदीर अधिक जगतात, असे दाखविले. मनुष्यावरील 'कॅलरी' या अमेरिकन अभ्यासात २१ ते ५० वयोगटातील निरोगी, स्थूल नसलेल्या व्यक्तींना दोन वर्षे २५ टक्के उष्मांक कमी करण्यास सांगितले. प्रत्यक्षात सुमारे १२ टक्केच घट साधली. त्यांच्या मांसपेशींच्या नमुन्यांचे विश्लेषण २०२३ साली प्रसिद्ध झाले. मांसाचे प्रमाण घटले तरी शक्ती घटली नाही. ऊर्जानिर्मितीशी संबंधित जनुके अधिक कार्यक्षम झाली व शोथाशी संबंधित जनुकांचे कार्य मंदावले.

हे निष्कर्ष आशादायक आहेत. परंतु ते मध्यमवयीनांपर्यंतचे आहेत. ते सत्तरीच्या रुग्णास जसेच्या तसे लावता येत नाहीत. ६५ वर्षांवरील स्थूल व्यक्तींवरील २०१७ च्या एका अभ्यासात आहारनियंत्रणाबरोबर केवळ चालण्यासारखा व्यायाम करणाऱ्यांचे मेदविरहित वस्तुमान ५ टक्के घटले. भारयुक्त व्यायाम करणाऱ्यांचे २ टक्के, तर दोन्ही करणाऱ्यांचे ३ टक्के घटले. शारीरिक कार्यक्षमता मात्र दोन्ही करणाऱ्यांची सर्वाधिक सुधारली.

शास्त्रविचार

चरकाचार्यांनी लंघनबृंहणीय अध्यायात वृद्धांची गणना क्षीण, कृश व दुर्बल यांच्यासमवेत बृंहणास योग्य व्यक्तींत केली आहे. वार्धक्य हा वाताचा काळ. अतिलंघनाने वातवृद्धी होते व धातुक्षयास गती मिळते. नितंब, मान व उदर शुष्क होणे ही मांसक्षयाची लक्षणे आपणांस परिचित आहेतच. स्थूल वृद्धात ती मेदाआड झाकली जातात, म्हणूनच चिकित्सक फसतो.

येथे एक शंका संभवते. वाग्भटांनी वृद्धास व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. मग वरील अभ्यासाशी त्याचा मेळ कसा घालावा? आमच्या मते हा निषेध आयास उत्पन्न करणाऱ्या व्यायामाचा आहे. अभ्यंगानंतर, शक्तीच्या अर्ध्या मर्यादेच्याही आत, क्रमाक्रमाने वाढविलेली हालचाल त्यात मोडू नये. सुज्ञ वैद्यांनी यावर आपले मत अवश्य मांडावे.

उपाययोजना

१. लंघनापूर्वी बलपरीक्षा करावी. हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठण्यास १२ सेकंद वा अधिक लागल्यास, अथवा पोटरीचा घेर पुरुषांत ३४ व स्त्रियांत ३३ सें.मी.हून कमी असल्यास मांसक्षयाची शंका घ्यावी. आशियाई तज्ज्ञगटाचे २०१९ चे हे निकष आहेत.

२. कृश वृद्धास उपवास देऊ नये. मधुमेहासाठी इन्सुलिन वा शर्करा उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यास, त्या मात्रेचा विचार झाल्याविना उपवास सांगणे धोक्याचे आहे.

३. स्थूल वृद्धात साखर, तळलेले पदार्थ व साबुदाणा कमी करावा. मूग, दूध, ताक, तसेच मांसाहारी व्यक्तीस अंडी-मासे कमी करू नयेत. प्रतिकिलो वजनास दररोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने वृद्धांस उचित मानली जातात. वृक्कविकारात मात्र स्वतंत्र विचार करावा. अग्नी मंद असल्यास आधी दीपन-पाचन करावे.

४. खुर्चीवरून उठणे-बसणे, टाचा उचलणे हे व्यायाम दररोज करवून घ्यावेत.

५. दरमहा वजनासोबत बलपरीक्षेचीही नोंद ठेवावी.

उपसंहार

उपरोक्त भगिनींचे सायंकाळचे भोजन मुगाचे यूष व भाकरी या स्वरूपात आम्ही पुन्हा सुरू केले, सकाळी दूध दिले व खुर्चीचा व्यायाम शिकविला. चार महिन्यांनी वजन केवळ एक किलोने वाढले होते. मात्र उठताना भिंतीचा आधार लागत नव्हता. लंघन सोपे असते, ते कोठे थांबवावे हे ओळखणे कठीण. वृद्ध रुग्णाच्या बाबतीत ते ओळखण्याची जबाबदारी सर्वस्वी आपली आहे.