छातीवर यंत्र, हाती वही

"आई, यंत्र लावलंय ना, आज कशाला हात लावायचा नाही. पडून राहा." नांदेडला लेक प्रेमानं म्हणाली आणि मी ऐकलं. ऐन मे महिन्यात अख्खा दिवस कूलरसमोर पडून काढला. तिथंच चुकलं.

मी लातूरची, वय 66, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. रक्तदाबाची गोळी बरीच वर्षं चालू आहे. वर्षभरापासून छातीत अधूनमधून फडफड व्हायची. भरली घागर उचलताना, जिना चढताना, कधी झोपेतून उठवून. दहा-पंधरा मिनिटांत सगळं शांत. दवाखान्यात पोचेपर्यंत कार्डिओग्राम चांगला. साधा कार्डिओग्राम म्हणजे जेमतेम 10 सेकंदांची नोंद, आणि दिवसाचे सेकंद 86,400. त्या दहांत फडफड सापडायची कशी? म्हणून होल्टर, म्हणजे अंगावर राहून ठोक्यांची सतत नोंद करणारं यंत्र, लावायचं ठरलं. तेव्हा मी लेकीकडे होते, नांदेडच्या डॉक्टर लेनमध्येच ते लावून घेतलं.

छातीवर चिकट गोल पट्ट्या, त्यांना वायरी, आणि कमरेला काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी, त्रास झाला की दाबायचं बटण असलेली. त्रासाची वेळ लिहायला एक वही. नॉर्मन होल्टर या अमेरिकी शास्त्रज्ञानं 1940च्या दशकात असं पहिलं यंत्र केलं, तेव्हा ते पाठीवर घ्यावं लागे आणि त्याचं वजन 38 किलोच्या आसपास होतं. आज ते अंगावर असल्याचा विसर पडतो. पण माझ्याकडून चुका झाल्याच.

रात्री वीज गेली, घामानं दोन पट्ट्या सुटल्या. मी त्या दाबून वरून घरातली चिकटपट्टी लावली आणि झोपले. तेवढ्या तासांच्या नोंदीत नुसत्या रेघोट्या आल्या. पहाटे थोडी फडफड झाली ती वहीत लिहिली खरी, पण स्वयंपाकघरातलं घड्याळ बघून. ते लेकीनं मुद्दाम दहा मिनिटं पुढं ठेवलेलं. यंत्राची वेळ वेगळी, माझी वेगळी, मेळच बसेना. आणि बाकी दिवसभर मी पडूनच होते, मग जी फडफड घागर उचलल्यावर होते ती दिसणार कुठून? रिपोर्टवरून काही सांगता येत नाही, डॉक्टर म्हणाले. पैसे गेले, त्याहून वाईट म्हणजे दोन महिने गेले. "रिपोर्टमध्ये काही नाही" म्हणून मीही निर्धास्त झाले होते.

दुसऱ्यांदा लातूरला, माझ्या घरी लावलं. या वेळी आधी अंघोळ केली, कारण यंत्र उतरेपर्यंत अंगाला पाणी लावता येत नाही. छातीला तेल, पावडर काही नाही. दोन्हींमुळे पट्टी धरत नाही. समोरून उघडणारं सुती ब्लाऊज घातलं. मंगळसूत्र वायरींवर घासतं म्हणून विचारून काढून ठेवलं. मोबाइल ब्लाऊजमध्ये खोचायची सवय दोन दिवस बंद. पट्टी सुटलीच तर स्वतः कारभार न करता कुणाला फोन करायचा, तो नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतला. आणि यंत्राची वेळ विचारून माझं मनगटी घड्याळ तिथंच जुळवलं. रोजच्या गोळ्या चालू ठेवायच्या का, हेही विचारा. आपल्या मनानं बंद करू नका.

मग रोजच्यासारखी जगले. गंजगोलाईत जाऊन भाजी आणली, जिना चढले, नातवावर ओरडले. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते हे शहर. नळ आला की घरातली सगळी भांडी भरायची सवय अजून सुटत नाही. त्या रात्री नळ आला. माझ्या वहीतली ओळ अशी आहे: "पहाटे 4:20. दुसरी घागर. फडफड, धाप, डोळ्यांपुढं अंधारी. बटण दाबलं."

यंत्रात 4:20लाच ठोक्यांची लय विस्कटलेली सापडली. एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकसायच्या ऐवजी नुसते थरथरतात, तिथं रक्त साचून गुठळी होऊ शकते, आणि ती मेंदूत गेली तर अर्धांगवायू. माझं वय आणि रक्तदाब पाहून डॉक्टरांनी रक्त पातळ करणारी गोळी सुरू केली. पहिल्या रिपोर्टवर विसंबून मी आणखी वर्ष काढलं असतं तर काय, हा विचार आजही रात्री येतो.

एक गोष्ट मात्र मला कुणी सांगितली नव्हती. हे यंत्र फक्त लिहून ठेवतं. ते कुणी पलीकडं बसून बघत नसतं. छातीत कळ आली, शुद्ध हरपली, तोंड वाकडं झालं किंवा हात लुळा पडला, तर उद्या यंत्र परत करायचंच आहे म्हणून थांबू नका. 108ला फोन करा, यंत्र अंगावर असू द्या. आणि दोन दिवसांत काही सापडलं नाही, पण त्रास चालूच आहे, तर डॉक्टरांना पुन्हा विचारा. 14 दिवस छातीवर राहणाऱ्या पट्ट्याही असतात.

गेल्या आठवड्यात शेजारच्या भाभींना होल्टर लावलं. मी त्यांना एक कोरी वही नेऊन दिली, पेन दोऱ्यानं बांधून, आणि त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ यंत्राच्या वेळेशी जुळवून आले.