काचेवरील रेणूंची दिशा

ज्येष्ठात ग्वाल्हेरचा पारा ४५ अंशांवर जातो. अशा दिवसांत पश्चिमेच्या भिंतीवरील वीजमीटरची आकडे दाखविणारी काच भर उन्हात कधी कधी संपूर्ण काळी पडते, आणि मीटर बिघडला असा ग्राहकाचा समज होतो. पुष्कळदा सायंकाळी आकडे आपोआप परत दिसू लागतात.

या दोन काचांमधील फट केसाच्या जाडीच्या सुमारे दशांशाइतकी असून तीत द्रवस्फटिक भरलेला असतो. त्याचे काडीसारखे रेणू द्रवाप्रमाणे वाहतात, तरी एकमेकांना समांतर राहतात. मात्र त्यांनी कोणत्या दिशेस तोंड करावे, हे काचेचा पृष्ठभाग ठरवितो. त्यासाठी काचेवर पॉलिइमाइडचा अतिशय पातळ थर देऊन तो मखमली कापडाने एकाच दिशेने घासतात. या घर्षणाने पडणाऱ्या सूक्ष्म चऱ्यांमुळे रेणू रांगेत बसतात, असे स्पष्टीकरण बेरेमन यांनी १९७२ मध्ये मांडले. थरातील रेणुशृंखलाही घासण्याच्या दिशेने वळतात, हे पुढे आढळले. कापडाने धूळ व स्थिर विद्युत निर्माण होते; म्हणून हल्ली काही कारखान्यांत ध्रुवित अतिनील प्रकाशाने हेच काम साधतात.

वरची काच खालचीशी काटकोनात घासलेली असते. त्यामुळे मधले रेणू जिन्याप्रमाणे वळत जातात आणि प्रकाशाला पार होऊ देतात. काही व्होल्टचा दाब देताच ते उभे राहतात, प्रकाश अडतो व आकडा काळा दिसतो.

आपल्या देशात या विषयाचा पाया शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांनी घातला. ते नागपूर विद्यापीठाचे विद्यार्थी. बंगलोरच्या रामन संशोधन संस्थेत १९७७ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी काडीऐवजी चकतीसारख्या रेणूंचेही द्रवस्फटिक असतात, हे दाखवून दिले.

ठराविक तापमानापलीकडे मात्र द्रवस्फटिकाचा साधा द्रव होतो. जिना मोडतो आणि सगळी काच काळी दिसते. पृष्ठभागावरील दिशा तेवढ्या उष्णतेने पुसली जात नाही. म्हणून निवल्यावर रेणू पूर्वीच्याच रांगेत येतात. मीटरमधील मोजणी वेगळ्या भागात होत असल्याने काच काळी असली, तरी ती थांबलीच असे नव्हे. अशा ठिकाणी अंदाजे आकडा न लिहिता वाचन सकाळी घ्यावे. रात्रभर निवूनही काच काळीच राहिली, तरच मीटर बदलण्यासाठी अर्ज करावा.