ओंडक्यात शिरणारी गोळी पोलादावर चपटी का होते?

प्रश्न : रायफलची गोळी लाकूड भेदते, मग पोलादी पाटीवर तिचा चुरा कसा होतो?

उत्तर : भेदनक्षमता गोळीच्या वेगाइतकीच समोरच्या पदार्थावरही ठरते. वेग येतो तो काडतुसातल्या प्रणोदकातून. 5.56 मिमी रायफलची साधारण 4 ग्रॅमची गोळी सेकंदाला 900 मीटरच्या आसपास वेगाने सुटते. म्हणजे सुमारे 1,600 जूल ऊर्जा जेमतेम पाव चौरस सेंटिमीटरवर आदळते.

लाकडात तंतू फाटतात, बाजूला सरतात, आणि घर्षणाने गोळी मंदावत जाते. सागासारखे घट्ट लाकूड तिला सावरीच्या हलक्या लाकडापेक्षा लवकर अडवते. आत शिरताना गोळी कलली, तर वाट वाकडी होते नि खोली घटते.

धातूत तंतू नसतात. साध्या पोलादाचा पातळ पत्रा दाबाखाली वाहतो किंवा त्याची चकतीच कापून निघते. कठीण केलेले पोलाद मात्र हटत नाही. मग तांब्याच्या मिश्रधातूचे कवच फाटते आणि आतले मऊ शिसे पसरते. म्हणूनच चिलखतभेदी गोळीत कठीण पोलादाचा किंवा टंगस्टन कार्बाइडचा गाभा असतो. पाटी तिरकी असेल तर गोळी घसरून भलतीकडे उडते.

खरी गंमत वाळूची. फार जवळून आलेली वेगवान गोळी वाळूत लगेच कलते, फुटते, आणि लांबून मंदावत आलेल्या गोळीपेक्षा कधी कधी कमीच खोल जाते.