डोळ्यात गेलेले कुसळ : शेतकामातील नेत्ररक्षण

दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ दिसते, पण स्वतःच्या डोळ्यातील मुसळ दिसत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. कुसळ म्हणजे अगदी क्षुल्लक वस्तू, असे या म्हणीत गृहीत धरलेले आहे. परंतु ज्याने गव्हाची वा भाताची मळणी केली आहे, बाजरीची कणसे खुडली आहेत किंवा उसाचे पाचट काढले आहे, त्यास खऱ्या कुसळाचा अनुभव असतोच. बहुधा ते अश्रूंबरोबर वाहून जाते व माणूस पुन्हा कामास लागतो. काही वेळा मात्र तेच कुसळ डोळा कायमचा घेऊन जाते. आपल्या देशात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, ५० वर्षांखालील व्यक्तींमधील अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण बुबुळावरील पांढरे डाग, म्हणजे ज्यास आपण ‘फूल पडणे’ म्हणतो ते, असल्याचे आढळून आले. म्हणून या विषयाचा विचार पिकांवरील रोगांइतक्याच गांभीर्याने करावयास हवा.

एक अनुभव

प्रस्तुत लेखक काही वर्षांपूर्वी उसावरील किडीची पाहणी करण्यासाठी एका गावी गेला होता. फडात पाचट काढणाऱ्या एका मध्यमवयीन शेतकऱ्याचा डोळा लाल झाला होता. “सकाळी पात लागली साहेब, होईल बरं,” असे तो म्हणाला. लेखकाने “पाण्याने धुवून घ्या,” एवढेच सांगितले व तो किडीची नोंद करून परत आला. त्यानंतर घरी पदराच्या टोकाने डोळा पुसून झाला, एरंडेल घालून झाले, शेवटी दुकानातून थेंबांची बाटली आणली गेली. थेंबांनी लाली उतरली व सर्वांना बरे वाटले. दहाव्या दिवशी डोळा उघडेना, तेव्हा त्यास रुग्णालयात नेण्यात आले. जीव वाचतो तसा डोळाही वाचला, परंतु दृष्टी वाचली नाही. उसावरील कीड ओळखणाऱ्या माणसाला समोरच्या माणसाच्या डोळ्यातील धोका ओळखता आला नाही, ही खंत या लेखामागे आहे.

इजा लहान, परिणाम मोठा

डोळ्याच्या पुढील भागी घड्याळाच्या काचेसारखा जो पारदर्शक पडदा असतो, त्याची जाडी मध्यभागी सुमारे अर्धा मिलिमीटर असते. तो स्वच्छ राहावा म्हणून निसर्गाने त्यात रक्तवाहिन्या ठेवलेल्या नाहीत. त्याच्या पृष्ठभागावरील पातळ थर शाबूत असेपर्यंत जंतूंना आत शिरणे कठीण जाते. उसाच्या पातीची धार, भाताचे तूस किंवा काट्याचे टोक या थरावर ओरखडा काढते व जंतूंना वाट मोकळी होते.

शेतातील इजेचा विशेष धोका असा की, पाने, भुसा व माती यांवर बुरशीचे बीजाणू असतात. बुरशीमुळे झालेला व्रण प्रारंभी सौम्य दिसतो, हळूहळू वाढतो व खोल जातो. तो उशिरा ओळखला गेल्यास उपचार आठवडेच्या आठवडे चालतात आणि बरा झाल्यावरही पांढरा डाग मागे राहू शकतो.

तासांचा हिशेब

नेपाळमधील भक्तपूर येथे शेतकरी वस्तीत झालेला एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. ग्रामपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्याने तो समजून घ्यावा असा आहे. सुमारे ३५ हजार लोकवस्तीत दोन वर्षे गावातीलच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी डोळ्यांच्या इजांवर लक्ष ठेवले. बुबुळावर ओरखडा आढळल्यास जंतुनाशक मलम तीन दिवस लावण्यात आले. असे ४४२ जण होते. त्यांचा हिशेब पुढीलप्रमाणे :

१. इजेनंतर १८ तासांच्या आत उपचार सुरू झालेले २८४. व्रण झालेला एकही नाही.
२. १८ ते २४ तासांत आलेले १०९. व्रण झालेले ४.
३. २४ ते ४८ तासांत आलेले ४९. व्रण झालेले १४.

मलम तेच व कार्यकर्ते तेच होते. फरक मुख्यतः वेळेचा होता. पुढे नेपाळमध्येच अनेक गावे घेऊन झालेल्या मोठ्या चाचणीत मात्र अशा योजनेमुळे व्रणांचे एकूण प्रमाण घटल्याचे दिसले नाही. यावरून केवळ गावात मलम ठेवून भागत नाही, हे ध्यानात येते. इजा टाळणे व इजा झालेल्या माणसास तपासणीपर्यंत वेळेवर पोहोचविणे, या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत. सकाळी पात लागली असेल, तर त्याच दिवशी डोळा तपासला गेला पाहिजे. ओरखडा ओळखण्यास मोठी यंत्रसामग्री लागत नाही. डोळ्यात विशिष्ट रंगद्रव्य घालून निळ्या प्रकाशात पाहिले असता ओरखडा हिरवा चमकतो.

काय करू नये

१. डोळा चोळू नये. पदराने, काडीने वा जिभेने कण काढण्याचा प्रयत्न करू नये.
२. एरंडेल, मध, दूध, झाडपाल्याचा रस यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये. यांतून नवे जंतू आत जातात.
३. घरात उरलेले किंवा दुकानातून मनाने आणलेले थेंब वापरू नयेत. लाली झटपट उतरविणाऱ्या अनेक थेंबांत स्टेरॉइड असते. त्याने दुखणे दबते व बुरशी मात्र मोकळेपणी वाढते. वरील शेतकऱ्याच्या बाबतीत हेच घडले.
४. रुतलेला कण ओढून काढू नये. डोळ्यावर दाब न देता स्वच्छ आवरण ठेवून रुग्णालय गाठावे.

चुना, औषधे व चीक

येथे मात्र तासांचा नव्हे, क्षणांचा हिशेब आहे. बोर्डो मिश्रणासाठी चुना विरविताना त्याचा शिंतोडा डोळ्यात गेल्यास तो पृष्ठभागावर न थांबता आत खोल जाळीत जातो. कीटकनाशक, तणनाशक, रुईचा वा शेराचा चीक यांबाबतही हयगय करू नये. पापण्या बोटांनी उघड्या धरून स्वच्छ पाण्याची संथ धार किमान १५ ते २० मिनिटे सोडावी. वाहनाची वाट पाहत धुणे लांबवू नये. आधी धुवावे, मग निघावे. औषधाचे वेष्टन डॉक्टरांना दाखविण्यासाठी सोबत घ्यावे. फवारणीच्या जागी स्वच्छ पाण्याची एक कळशी केवळ याच कामासाठी झाकून ठेवावी.

इजा टाळण्याचे उपाय

मळणी यंत्र, फवारणी, पाचट काढणे, चुना कालविणे आणि विळा-कोयत्यास सहाणयंत्रावर धार लावणे, या कामांच्या वेळी बाजूंनी बंद असलेला न फुटणाऱ्या प्लास्टिकचा संरक्षक चष्मा वापरावा. नेहमीचा चष्मा बाजूने उघडा असल्याने पुरेसा नाही. घामाने काच धूसर होते, ही तक्रार खरी आहे. म्हणून हवेसाठी छिद्रे असलेला चष्मा घ्यावा. फवारणीसाठी मात्र छिद्रांवर आडोसा असलेला चष्माच योग्य होय. ज्याचा एक डोळा आधीच अधू आहे, त्याने तर चष्म्याविना अशा कामास हातच लावू नये. त्याची सारी दृष्टी एकाच डोळ्यावर उभी आहे.

दृष्टीची मोजणी

कारखान्यात कामागणिक दृष्टीची पात्रता ठरविलेली असते. शेतात ती कोणी विचारीत नाही. तरीही तीन साध्या कसोट्या गावातच घेता येतील.

पहिली कसोटी दूरच्या नजरेची. वाहन परवान्यासाठी भरावयाच्या घोषणापत्रात, भर उजेडात २५ मीटरवरून मोटारीच्या क्रमांकाची पाटी प्रत्येक डोळ्याने ओळखता येते काय, असा प्रश्न असतो; चष्मा असल्यास तो लावून. ट्रॅक्टर चालविणाऱ्याने २५ मीटर अंतर मोजून ही परीक्षा दरवर्षी घ्यावी. एक डोळा झाकून पाहणे महत्त्वाचे आहे, कारण एका डोळ्याची मंद झालेली नजर दुसरा डोळा झाकून नेतो.

दुसरी कसोटी जवळच्या नजरेची. चाळिशीनंतर बारीक अक्षर दिसेनासे होते. औषधाच्या वेष्टनावरील मात्रा ज्यास वाचता येत नाही, त्याने अंदाजाने औषध न ओतता वाचावयाचा चष्मा करून घ्यावा.

तिसरी कसोटी रंगांची. वेष्टनावरील त्रिकोण लाल असल्यास औषध अत्यंत विषारी, त्यानंतर पिवळा, निळा व हिरवा असा उतरता क्रम असतो. ज्यास लाल व हिरवा यांतील भेद कळत नाही, त्याने रंगावर विसंबून न राहता त्यावरील मजकूर वाचावा किंवा वाचून घ्यावा.

कार्यकर्त्यांस विनंती

सुगीपूर्वी होणाऱ्या शेतकरी सभेत बियाणे व खते यांबरोबर पाच मिनिटे या विषयास द्यावीत. जवळच्या कोणत्या रुग्णालयात नेत्रतपासणी होते व ती कोणत्या दिवशी होते, हे आशा कार्यकर्तीकडून समजून घेऊन ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावे. शेतात लाल डोळा दिसल्यास “केव्हा लागले?” हा प्रश्न प्रथम विचारावा व त्या माणसास त्याच दिवशी तपासणीस पाठवावे. कीड दिसताच आपण पान उलटून पाहतो. तीच तत्परता पान लागलेल्या डोळ्याविषयी दाखविली, तर एखाद्या कुटुंबाचा कर्ता माणूस आपल्या पायांनी शेताची वाट चालत राहील.