वळवानं पत्रे नेले, विम्यानं अर्धेच पैसे दिले

प्रश्न : वळवाच्या वादळात घराचे पत्रे उडाले. नव्या पत्र्यांचा खर्च ८० हजार, कंपनीने ४० हजार मंजूर केले. हे बरोबर आहे का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : कपाटातून पॉलिसी काढा आणि आधी तिचं नाव वाचा. १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आहे. तिच्यात वादळ आणि पूर दोन्ही येतात. विमा रक्कम आजच्या बांधकाम खर्चावर ठरते, त्यामुळे इमारतीच्या दुरुस्तीतून घसारा कापायचा नसतो. रक्कम कमी धरली होती म्हणून भरपाईत प्रमाणशीर कपातही होत नाही.

जुन्या आगविमा पॉलिसीचं मात्र वेगळं. ती बाजारमूल्यावर असेल तर वय मोजलं जातं. समजा, पत्रे दहा वर्षांचे आणि घसारा वर्षाला ५ टक्के. ८० हजारांचे ४० हजारच उरतात. तुमचा आकडा असाच आलेला दिसतो. गृहकर्जासोबत बँकेनं काढून दिलेली जुनी, दीर्घ मुदतीची पॉलिसी असेल तर ही शक्यता जास्त. ती कुणी वाचलेली नसते, हा माझा अनुभव.

सर्वेक्षकाच्या अहवालाची प्रत लेखी मागा. घसाऱ्याचा दर आणि पत्र्यांचं वय त्यात कसं धरलं ते पाहा. पत्रे मध्ये बदलले असतील तर ते बिल जोडा. वय कमी होईल, रक्कम वाढेल. कंपनीकडे तक्रार करून महिन्याभरात दाद लागली नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.